फळीवरचे सहा खण

कपाट पुरं झालं की तो करंगळी पुढं करायचा. "हिनं खण उघडला तर कपाट. नाही तर विरगु." विरगु म्हणजे तमिळमध्ये जळण.

राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीतला तो आसारी, म्हणजे सुतार. मराठी आमच्यात राहून शिकला. मी त्याच्याकडे कित्येक वर्षं लाकडाला पॉलिशपेपर घासत होते. इतक्या वर्षांत त्यानं मला एकदाही छान म्हटलं नाही. मीही त्याला म्हटलं नाही.

मग त्याच्या अंगावरून वारा गेला. डाव्या हाताची बोटं काही धरेनात. तिरुवैयारूच्या गाण्याच्या बाईंच्या कपाटाचे सहा खण रंधायचे राहिले होते. त्याचा जावई म्हणाला, "मामा, मशीनवर देऊ. तुम्ही बसा आता."

"बसायला मी काय देव आहे?"

तुम्ही सुतार पाहिला असेल. डाव्या हातानं आणि पोटानं खण दाबून धरतो, तेव्हा कुठं रंधा चालतो. यानं एक जाड फळी बाकाला अशी ठोकली की अर्धी बाहेर राहिली. उशीला अभ्रा घालावा तसा पहिला खण आडवा करून तिच्यावर सरकवला. खण हलला नाही. रंधा एका हातानं चालला.

दुसरा खण फळीवर जाईचना. फळी पहिल्याच्या मापाची, आणि याचा एक खण दुसऱ्यासारखा कधी नव्हताच. मी हसले.

"हसा अक्का, हसा." त्यानं फळी अरुंद केली आणि उरलेल्या फटीत पाचर मारली. प्रत्येक खणाला पाचर वेगळी.

चौथा खण जरा डुगडुगत होता. मी गुपचूप हात लावला. रंधा थांबला.

"हात काढा."

"पडेल तो."

"पडू दे. तुमच्या हातानं झाला तर माझा कसा?"

मी हात काढला. त्यानं आणखी एक पाचर मारली. सहा खण व्हायला नऊ दिवस लागले. बाईंच्या घरी त्यानं सहाही करंगळीनं उघडले. उजव्या नव्हे, डाव्या करंगळीनं. ती वाकत नव्हती, कडीत अडकवून नुसता खांदा मागं घेतला.

आडी महिन्यात, म्हणजे आषाढात, तो गेला. बाक जावयानं माझ्या परसात आणून ठेवलं. ती फळी अजून बाहेर आलेली आहे, सहाव्या खणाची पाचर तिच्यावरच पडलेली. येता-जाता माझ्या कमरेला लागते. जावई म्हणतो, कापून टाकू. मी फळीला शिव्या घालते आणि वळसा घालून जाते.