सायकलच्या तारांचा फणा

"मान खाली घाला. कान गेला तर मला बोल नको," गिरजा म्हणाली.

न्हाव्याला स्वतःचं डोकं करता येत नाही. माझं डोकं लग्नापासून तीच करायची. सोमवार होता, दुकान बंद. तिनं मागचं कापलं, डावी बाजू कापली आणि कात्री ठेवली. म्हणाली, "हात भरून आला. उजवीकडचं चहा पिऊन करते." चहा मी केला. ती प्यायली, जरा आडवी झाली. दुपारी उठवायला गेलो तर गेलेली होती.

मी तिसरी शिकलेला माणूस. मला दुःखावर लिहिता येत नाही. पण ती काय बाई होती ते सांगायचं, तर धंद्यातली एक गोष्ट सांगतो.

बहात्तरच्या दुष्काळानं आमचं बलुतं मोडलं. बलुतं म्हणजे वर्षभर गावाची हजामत करायची आणि सुगीत खळ्यावर जाऊन धान्य घ्यायचं. खळंच नाही तर धान्य कुठलं? आम्ही नवराबायको पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होतो. दुष्काळ सरल्यावर सोसायटीच्या चेअरमननी गोदामाला लागून असलेली खोली मला दिली. एक खुर्ची, एक आरसा. येरमाळ्यापासून दोन कोसावरच्या आमच्या गावातलं ते पहिलं सलून. अट एकच, आणि ती कुणी तोंडानं सांगितलीही नाही. बौद्ध वस्तीतलं डोकं करायचं नाही. त्यांनी येरमाळ्याला जायचं. माझा बाप करत नव्हता, म्हणून मीही करत नव्हतो. दुसरा विचार मी केला नव्हता, खोटं कशाला सांगू.

एका सकाळी उत्तम आत आला. वस्तीतला, औरंगाबादला कॉलेजात शिकणारा. केस इतके कुरळे, की गाव त्याला लहानपणापासून हबशी म्हणायचं. खिशातून मासिकातला एक कागद काढून त्यानं आरशाखाली ठेवला.

"असं करायचं. जमतंय का?"

"उत्तम, तू येरमाळ्याला जा बाबा."

"जाऊन जाऊन कंटाळलो. जमतंय का तेवढं सांगा."

मी कागद बघितला. काळा माणूस, अंगात काळा कोट, मूठ वर. आणि डोक्यावर केस घागरीसारखे गोल. न दबलेले, न पडलेले. वीस वर्षं कात्री चालवली होती, पण असं डोकं पाहिलं नव्हतं.

"हा कुठला रे?"

"अमेरिकेतला. तिथल्या काळ्या लोकांनी संघटना काढली, म्हादूअण्णा. निशाणावर काळा बिबट्या. पोलिस त्यांच्या वस्तीत शिरले की हे बंदूक घेऊन समोर उभे राहायचे आणि कायद्यात काय लिहिलंय ते मोठ्यानं सांगायचे. त्यांचं वाचूनच मुंबईत आमच्या वस्त्यांतली पोरं उठली. औरंगाबादला बी हायत."

खोलीत आडवा पडदा लावला होता, त्यामागं गिरजा होती. तिथनंच तिनं विचारलं, "आन् केसाचं काय?"

"आधी तिथं केस सरळ करायचं औषध लावायचे, वैनी. डोकं भाजायचं. मग म्हणाले, गोऱ्यासारखं कशाला दिसायचं? हायत तसे वाढवायचे."

मला न्याय-अन्याय काही सुचलं नाही. मला ते डोकं जमवायचं होतं. "बस," म्हणालो.

पहिल्यांदाच त्या वस्तीतल्या माणसाच्या डोक्याला हात लावत होतो. काही झालं नाही. डोकं होतं, दुसरं काय असणार?

आमच्या धंद्याचा पहिला नियम, आधी केस ओले करायचे. ओले केस कंगव्याखाली सरळ बसतात, कात्री चुकत नाही. मी भरपूर पाणी मारलं आणि उजवी बाजू कापून काढली. उत्तमला काही कळलं नाही, मलाही नाही. दहा मिनिटांत केस वाळायला लागले तसे आक्रसून वर चढले. कुरळा केस ओला असताना लांब होतो, वाळला की निम्मा. उजवीकडं खड्डा पडला. डावीकडं टोपलं, उजवीकडं खळगा.

गिरजा पडदा सारून बाहेर आली आणि तोंडाला पदर लावून हसली. "आगं बया! शेळीनं चरल्यावानी दिसतंय की."

उत्तमचं तोंड उतरलं. ते बघून तिचं हसू थांबलं. तिनं केसात बोटं घालून बघितली. माझ्या बायकोचा हात त्याच्या केसात, दार सताड उघडं. मी तिच्याकडं बघतच राहिलो.

"तुमी दाबताय," ती मला म्हणाली. "उमरग्याला आमच्या शेजारी पिंजारी होता. कापूस खालनं उचलायचा असतो. तुमचा कंगवा वरनं दाबतोय."

शेजारी सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तिथनं तिनं मोडक्या चाकाच्या पाच तारा आणल्या, टोकं दगडावर घासली, बाभळीच्या तुकड्यात ठोकून बसवल्या. फणा झाला. कोरड्या केसात खालून घातला आणि उचलला. केस उभे राहिले ते उभेच. ती उचलत गेली, मी वरवर कापत गेलो. खड्डा बुजवायला सगळंच थोडं लहान करावं लागलं, पण गोल झालं. उत्तम आरशात बघत होता. डोळे भरलेले.

"सकाळी शाळेआधी ते लोक लेकरांना जेवू घालायचे, वैनी," तो एकदम म्हणाला. "सगळ्या वस्तीतल्या."

"बंदूकवाले? सैपाक करायचे?"

"व्हय."

"मग बंदूक कुठं ठेवायचे, चुलीपाशी?"

आम्ही तिघंही हसलो. तेवढ्यात चेअरमन दाढीला आले. उत्तम खुर्चीत, गिरजाच्या हातात फणा. ते उंबऱ्यातच थांबले.

"म्हाद्या, आता ह्या खुर्चीत बसणार कोण?"

खोली त्यांची, आरसा त्यांच्या शब्दावर उधार आणलेला. मी उत्तमला ऊठ म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं.

गिरजा म्हणाली, "उत्तम, ऊठ जरा." तो उठला. आणि ती स्वतः बसली. बाई न्हाव्याच्या खुर्चीत बसलेली गावानं कधी पाहिली नव्हती. तिनं अंबाडा सोडला, तोच फणा माझ्या हातात दिला. "मी बसले. आवं, फिरवा."

मी फिरवला. तीन दगडांच्या चुलीपुढं बसणारी ही बाई, हिच्यात एवढं कुठून आलं, ते मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही. सात समुद्रापलीकडचा कागद आरशाखाली होता आणि माझी बायको आरशात सरळ बघत होती. चेअरमन दाढी न करताच गेले.

दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप लागलं. आम्ही खुर्ची रस्त्याकडच्या लिंबाखाली मांडली. पहिले सहा महिने फक्त वस्तीतली माणसं आली. मग येरमाळ्याची बस चुकलेले आले. मग एकेक करून गाव आलं, कारण दाढी कुणाची थांबत नाही. पुढं तिथंच दुकान उभं राहिलं. चेअरमन मात्र मरेपर्यंत दाढीला येरमाळ्याला जात होते. गिरजा म्हणायची, "उत्तमची फेरी वाचली, त्यांची सुरू झाली."

आता सोमवारचं सांगतो. संध्याकाळी तिला नेलं. आमच्या पोरानं रिवाजाप्रमाणं मुंडण केलं. भावकीतला एकजण माझ्याकडंही वस्तरा घेऊन आला. मी म्हणालो, "ह्या डोक्याला हात लावायचा न्हाय. निम्मं तिनं केलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं. लोक म्हणाले, सुतकात? म्हणालो, तिनं बंद ठेवू दिलं नसतं. आरसा पुसला, खुर्ची पुसली. पहिला उत्तम आला. एसटीतून रिटायर झालेला, डोक्यावर एक केस नाही. तरी बसला. मी फणा काढला, तारा गंजल्यात, आणि त्याच्या टकलावरून हळूच फिरवला.

त्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं. माझं डोकं डावीकडं कापलेलं, उजवीकडं वाढलेलं.

"म्हादूअण्णा," तो म्हणाला, "शेळीनं चरल्यावानी दिसतंय."

"दिसू दे," म्हणालो.

नवीन धंद्यात आलेल्यांना एवढंच सांगतो. कुरळे केस कोरडेच कापावेत.