अर्ध्या भाताचं व्रत

शाळेत ड्रिलची बाई म्हणून लागले तेव्हापासून पोरींचा एकच प्रश्न. ‘टीचर, व्यायाम सुरू केलाय, आता काय खाऊ?’ कुणाच्या डोक्यात बदाम, कुणाच्या डोक्यात डब्यातली पावडर. एकीच्या आईने तर तिला रोज सकाळी वाटीभर तूप पाजायला सुरुवात केली होती, आणि ती पोर कवायतीच्या रांगेत ढेकर देत उभी! मी म्हणायची, ‘अगं बायांनो, घरात शिजतं तेच खा. वेळेवर खा, थोडं थोडं खा, उपाशी पळू नका आणि भरल्या पोटी तर मुळीच पळू नका.’ संपलं. यापलीकडे मला आजही काही येत नाही. पण एवढंसं शिकायला काय मोजावं लागलं, ते मी त्या पोरींना कधी सांगितलं नाही.

माझा नवरा विषमज्वराने गेला तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. सासर बसवनगुडीत, पिढ्यान् पिढ्या बेंगळूरचंच, घरात मराठी आणि उंबरठ्याबाहेर कन्नड. घरात आम्ही तिघं उरलो. धाकटे दीर, जे एका कचेरीत कारकून होते, सासूबाई आणि मी. सासूबाईंना सगळे अक्का म्हणायचे. अक्का स्वतः कितीतरी वर्षांच्या सोवळ्या. लाल आलवण, आणि जेवण दिवसातून एकदाच. दुपारी भात, रात्री मूठभर पोहे दह्यात कालवून. पोह्यांना आम्ही अवलक्कीच म्हणायचो. मी विधवा झाले आणि तोच नियम मलाही लागला. कुणी सांगितलंसुद्धा नाही. चौदाव्या दिवशी संध्याकाळी माझं पान मांडलं नाही, एवढंच.

अक्का आणि मी दिवसभर एकाच स्वयंपाकघरात असायचो. ‘मीठ दे’, ‘विळी घे’, ‘दूध बघ’. यापलीकडे बोलणं नाही. त्यांचा मुलगा गेला होता आणि माझा नवरा गेला होता. माणूस एकच, पण त्याचं नाव दोघींपैकी कुणी काढत नव्हतं. मला त्या घरात इतकं एकटं वाटायचं की कधी कधी मी मुद्दाम भांडं पाडायची, निदान अक्का रागावतील म्हणून. त्या रागवायच्याही नाहीत.

एक दिवस दीर म्हणाले, ‘वहिनी, मुलींच्या शाळांना ड्रिलच्या बायका हव्यात. चामराजपेटेत वर्षाचं शिक्षण आहे. शेवटी परीक्षा. पळायचं, दोरावर चढायचं, कवायत घ्यायची. पास झालात की नोकरी.’ मी आयुष्यात कधी पळाले नव्हते. पण मला एवढं कळलं की पास झाले नाही तर मरेपर्यंत हीच चूल, हीच विळी. मी अक्कांकडे बघितलं. त्या वाती वळत होत्या. ‘सरी, ठीक आहे,’ म्हणाल्या. ‘जाऊ दे तिला. पण आचार मोडायचा नाही. जेवण एकदाच.’

सकाळी सातला मैदानावर जायचं, दुपारी घरी येऊन जेवायचं, तीनला परत. सकाळी पोटात फक्त कॉफी. पहिल्या आठवड्यातच डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. आमच्या शिकवणाऱ्या बाई उंच, आवाज खणखणीत, बोलायच्या कन्नडमध्ये. मला म्हणाल्या, ‘तुझ्या अंगात जीवच नाही. भरपूर खात जा.’

भरपूर! मी तो शब्द अगदी जसाच्या तसा धरला. जेवण एकदाच, तर मग दिवसभराचं त्या एकाच वेळी. दुसऱ्या दिवशी मी भाताचे तीन डोंगर संपवले, सारासकट, ताकासकट. अक्का वाढत होत्या आणि बघत होत्या. तीनला मैदानावर पोचले, दुसऱ्या फेरीत पोटात मुरडा आला आणि सगळं बाहेर. चाळीस पोरींसमोर. कुणी हसलं, कुणी नाक धरलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

बाईंनी मला झाडाखाली बसवलं. ‘काय खाल्लंस?’ मी सांगितलं. ‘आणि सकाळी?’ नुसती कॉफी. ‘आणि रात्री?’ मी माझ्या मोकळ्या कपाळावरून हात फिरवला. त्यांना समजलं. म्हणाल्या, ‘नोडम्मा, हे बघ, तुला जास्त खायला नकोय, वेळेवर हवंय. स्वल्प स्वल्प. पळायच्या आधी तासभर मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा. दुपारी भात निम्मा कर, वरण दाट घे, दही घे. परत आलीस की केळं, ताक. एकदम पाणी ढोसू नकोस. पहिल्या महिन्यात काही चमत्कार व्हायचा नाही. त्याची वाट बघत बसू नकोस.’

आता हे घरी कसं जमवायचं? मी एक खोटं रचलं. अक्कांना म्हणाले, ‘मी देवापुढे बोललेय. परीक्षा होईपर्यंत दुपारी अर्धाच भात घेणार.’ अर्धा भात म्हणजे व्रत! त्याला कोण नाही म्हणणार? संध्याकाळचं केळं, दही, अवलक्की हा तर विधवेला चालणारा फराळच. राहिले सकाळचे शेंगदाणे. ते मी कोठीतून पदराला बांधून न्यायची आणि वाटेतल्या खडकाआड बसून चोरासारखी खायची. गार वारा सुटलेला असायचा, खाली रस्त्यावर दूधवाले सायकलींवरून जायचे, आणि मी एकटी दाणे चावत बसलेली. एखाद्या वेळी वाटायचं, कुणीतरी बघावं आणि विचारावं, काय गं, काय खातेस?

पण बाई म्हणाल्या तसंच झालं. महिनाभर काही नाही, मग हळूहळू दम टिकायला लागला. दंड भरले. श्रावण उलटला तेव्हा मी पहिल्यांदा दोराच्या टोकापर्यंत पोचले. वरून चामराजपेटेची कौलं दिसली. खाली उतरले आणि रडले, कारण घरी जाऊन सांगायला कुणी नव्हतं.

इकडे माझं नाव झालं. अक्का पुराणाला येणाऱ्या बायकांना सांगायच्या, ‘आमच्या सुनेचा निग्रह बघा. एवढे कष्ट करते आणि अर्ध्या भातावर राहते.’ बायका माझ्याकडे डोळे भरून बघायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आणि खरं सांगू? थोडं बरंही वाटायचं. त्या घरात माझ्याबद्दल कुणी चार शब्द बोलत होतं ते पहिल्यांदाच.

परीक्षेला आठ दिवस राहिले होते. कार्तिक लागला होता. सकाळी मागच्या विहिरीवर अक्का घागर भरायला गेल्या आणि काठावरच मटकन बसल्या. मी धावले. दोन्ही हातांनी त्यांना उचललं आणि हादरले. आलवणात बाई होती की नुसती हाडं? आमच्या वर्गातल्या सगळ्यात बारक्या पोरीला मी खांद्यावर घेऊन पळायची, ती याहून जड होती.

माजघरात निजवलं, दूध पुढे केलं. त्यांनी तोंड फिरवलं. ‘अक्का, काय होतंय तुम्हाला?’

‘काही नाही गं. तू एवढी तरुण, तू अर्ध्या भातावर राहतेस. मी म्हातारी, मला कशाला पूर्ण पाहिजे? श्रावणापासून मीही अर्धाच घेते. रात्रीची अवलक्कीही सोडली. कार्तिकी द्वादशीपर्यंत बोललेय देवापुढे.’

तीन महिने! तीन महिने ती बाई माझ्या खोट्यावर उपाशी राहिली आणि मला पत्ता नाही. कसा असणार? दुपारी त्या सगळ्यांच्या शेवटी, सोवळ्यात, एकट्या जेवायच्या. संध्याकाळी मी केळं सोलून खायची तेव्हा त्या देवघरात जप करत बसायच्या. बघायला कुणी जायचंच नाही.

त्या दिवशी मी बोलले नाही. लाज वाटते सांगायला, पण नाही बोलले. सांगितलं तर माझं शिक्षण बंद होणार, दीर अक्कांच्या शब्दाबाहेर नव्हते. आठ दिवस, फक्त आठ दिवस दम काढ, असं मी मनाला बजावत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर सगळ्यांत पुढे पळाले. बाई शाबास म्हणाल्या. मला ते शाबास घशाखाली उतरेना.

संध्याकाळी मी अक्कांच्या पुढ्यात बसले आणि सगळं ओकून टाकलं. देवाला काही बोलले नव्हते, व्रत वगैरे काही नव्हतं, अर्धा भात हा बाईंचा सल्ला होता. सकाळचे शेंगदाणे सांगितले, गूळ सांगितला, खडक सांगितला. ‘मी तुम्हाला फसवलं, अक्का. उद्यापासून जाऊ नको म्हणालात तर जाणार नाही.’

त्या खूप वेळ माझ्या दंडाकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता हाकलतील. पण त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, ‘मग मला का नाही सांगितलंस? मलाही भूक लागते गं. इतकी वर्षं लागते.’

मला हुंदकाच फुटला. उठले, कोठीतून शेंगदाणे आणले, गूळ फोडला, ताटली त्यांच्यापुढे ठेवली. ‘खा अक्का. आत्ता खा. कुणी बघत नाहीये.’

त्यांनी ताटली माझ्याकडे सरकवली. ‘तुझं खोटं असेल. मी खरंच बोललेय. द्वादशीपर्यंत मला नाही खाता येणार.’

‘अक्का, तोवर तुम्ही—’

‘तू खा. इथं माझ्यासमोर बसून खा.’

मी एक दाणा तोंडात घातला. मग दुसरा. त्या टक लावून बघत होत्या, माझ्या हाताकडे, तोंडाकडे. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. तोंडातला घास फिरत राहिला, खाली उतरेना.

‘गीळ,’ अक्का म्हणाल्या. ‘परीक्षा आहे तुझी.’