सिमिटाचं छप्पर

आमच्या वाडीत वैशाख लागला की शाकारणीची घाई उडायची. नळ्याची कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी काढायची, कुजलेले वासे बदलायचे आणि कौलं पुन्हा ओळीने लावायची. हे काम एकट्याने होत नाही. खालून एकाने द्यायचं, मध्ये दुसऱ्याने झेलायचं, वर तिसऱ्याने बसवायचं. म्हणून वाडीतले सगळे बाप्ये, म्हणजे पुरुषमाणसं, मिळून एकेक घर करत जायचे. पण सुरुवात खोताच्या वाड्यापासून. तिथे फुकट राबायचं, ती वेठ. वाड्याचं शेवटचं कौल बसल्याशिवाय स्वतःच्या घराची उतरवलेली कौलं कुणी परत चढवायची नाहीत.

त्या वर्षी आभाळ लवकर भरून आलं. माझे यजमान मुंबईत इमारतीच्या कामावर होते, रजा काढून शाकारणीला आले होते. आमची कौलं उतरून अंगणात पडली होती आणि खोताचा माणूस बोलवायला आला. हे म्हणाले, "आधी माज्या आयशीचं छप्पर, मग खोताचं." एवढंच बोलले. आवाजसुद्धा चढवला नाही.

संध्याकाळपर्यंत निरोप फिरला. आमच्या छपरावर वाडीतल्या कुणा बाप्याने पाय ठेवायचा नाही. घराची जागा सासऱ्यांनी स्वतः घेतलेली, तिथून आम्हाला हलवणं खोताच्या हातात नव्हतं. म्हणून त्याने छप्पर धरलं. बाकीची कुळं त्याच्या जमिनी कसत होती. त्यांच्यावर मी तेव्हा रागावले, पण दोष देत नाही.

यांनी एकट्याने कौलं चढवली. मी शिडीवर उभी राहून देत होते, सासूबाई खालून मला देत होत्या. जमेल तेवढं केलं आणि ते मुंबईला गेले. मग श्रावणात घरात कोरडी जागा शोधावी लागली. हंडे, परात, ताटं, जे हाताला लागेल ते गळतीखाली. कणगीतलं बियाण्याचं भात भिजलं आणि त्याला कोंब फुटले. सासूबाईंनी ते मुठीत घेऊन पाहिलं आणि परत कणगीत टाकलं. त्यांना त्या पावसात जो खोकला लागला तो दिवाळीपर्यंत गेला नाही.

हे दिवाळीला आले तेव्हा मी चहाच्या आधी विषय काढला. म्हटलं, असं छप्पर सांगा की ज्याला वर्षाला कुणाचा हात लागायला नको. ते मुंबईत ज्या कामावर होते तिथे मजल्यावर मजले सिमेंटचे ओतत होते. त्यांनी अंगणात काटकी घेऊन आकृती काढली. चिऱ्याच्या भिंती, त्यावर लोखंडी सळ्यांची जाळी, त्यावर खडी-वाळू-सिमेंटचा थर. सासूबाई ओटीवरून म्हणाल्या, "दगडाचं छप्पर डोक्यावर घेऊन झोपायचं? मी नाय बाय. मी आपली गोठ्यात." मी म्हटलं, बांधायचंच.

ते मुंबईचं काम सोडून आले. चिरे खाणीतून आणले, जुन्या घराच्या बाजूला भिंती माघात उभ्या राहिल्या. सळ्या आणि सिमेंटची पोती बोटीने बंदरात उतरली, तिथून बैलगाडीने घरी आली. समुद्राची वाळू दाराशी असताना यांनी ती घेऊ दिली नाही. म्हणाले, खारी वाळू लोखंड खाते. मग नदीची वाळू मी आणि सासूबाईंनी डोक्यावरून वाहिली. सासूबाई प्रत्येक खेपेला सिमेंटला शिव्या घालत होत्या, पण खेप चुकवत नव्हत्या.

फळ्या ठोकल्या, सुपारीच्या खोडांचे टेकू दिले, सळ्या बांधल्या. आता सिमेंटचा कालवलेला माल ओतायचा. आणि तिथे मला कळलं की आमचा हिशेब कुठे फसला होता. स्लॅब एका दमात ओतावा लागतो. आज अर्धा, उद्या अर्धा असं केलं तर मध्ये सांधा राहतो आणि पाणी तिथूनच उतरतं. कुणाचाच हात नको म्हणून जे छप्पर आम्ही काढलं होतं, त्याला एका दिवसात कौलांपेक्षा जास्त हात हवे होते.

यांनी पलीकडच्या गावातले गडी रोजावर सांगितले होते. ठरल्या दिवशी उजाडलं, ऊन अंगणात आलं, गडी आले नाहीत. खोताचा निरोप तिथवर पोचला होता. हे वाळूच्या ढिगावर बसून राहिले. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. पोती उघडून ठेवलेली, पावसाळी हवा सुटलेली. ती पोती सर्दावली असती तर दगड झाली असती, आणि पुन्हा आणायची आमची ऐपत नव्हती. मग याही पावसात सासूबाई हंड्या-परातींच्या मध्ये निजल्या असत्या.

मला रडू नाही आलं, संताप आला. मी शेजारणीच्या दारात गेले. ती शेणाने सारवत होती. मी म्हटलं, "तुज्या घोवाला मी बोलावत नाय. तू येतंस?"

तिने मान वर करून आमच्या छपराच्या फळ्यांकडे पाहिलं. बाईमाणसाने छपरावर चढायचं नाही ही आमच्याकडची रीत. अपशकुन म्हणत. खोताने बाप्यांना बंदी घातली, बायकांना घालायची हे त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. शेजारणीने हात धुतले, पदर खोचला आणि म्हणाली, "खळं चोपायचं चोपणं आनू काय गो?"

ती एकटी आली नाही. वाटेत एकेक घर हाकारत आली. कुणी घमेली आणली, कुणी पाण्याच्या कळशा, कुणी चोपणी. शिडीपाशी येऊन मात्र सगळ्या थबकल्या. पहिली कोण चढणार? तेव्हा ओटीवरून सासूबाई उठल्या. "मी चढते. माजं काय वाईट व्हायचं ऱ्हायलंय आता?" आणि त्या खरंच चढल्या.

मग हात थांबले नाहीत. हे खाली माल कालवत होते, आम्ही घमेलं हातोहात वर देत होतो, वरच्या बायका खळं चोपावं तसा माल चोपत होत्या. त्यांना काही शिकवावं लागलं नाही, जन्मभर अंगणं चोपलेली. दुपारी पेज उभ्यानेच प्यायली. दिवस मावळायच्या आत शेवटचं घमेलं पडलं. वाडीतले बाप्ये अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे बसून विड्या ओढत बघत होते. पुढे खोताने त्यांना बोलावून जाब विचारला, तर म्हणाले, "बायकांना आमी काय सांगनार, सायेब? तुमच्या घरात तरी तुमचं कोन आयकतं काय?"

दुसऱ्या दिवशी यांनी स्लॅबच्या कडेने मातीचा बांध घातला आणि वर पाणी साठवलं. सिमेंट पाणी पिऊन घट्ट होतं, ते उघडं सुकलं तर तडकतं. हे त्यांनी मला सांगितलं होतं, आईला सांगायचं राहिलं. दुपारी आम्ही विहिरीवर असताना सासूबाई कोयती घेऊन वर गेल्या आणि बांध फोडून सगळं पाणी सोडून दिलं. हे परत आले तर भिंतीवरून ओघळ आणि वर ऊन तापलेलं. आईवर ते आयुष्यात एकदाच ओरडले असतील, ते तेव्हा. सासूबाई पण गप्प बसणाऱ्या नव्हत्या. "जल्माभर छपरावरचं पानी भायर घालवलं मी. आनि तू मेल्या वर तळी बांधतंस!"

कोपऱ्यात एक बारीक चीर गेली. यांनी ती सिमेंटने भरली, तरी खूण राहिली. त्यानंतर मात्र सासूबाईंनी कुणाला कळशी धरू दिली नाही. सकाळ-संध्याकाळ स्वतः पाणी घालत होत्या, आणि चिरेपाशी जरा जास्त. त्या पावसात घरात एकही भांडं जमिनीवर ठेवावं लागलं नाही. मला इतकं बरं वाटत होतं की मी उगाच उठून कोरड्या जमिनीवरून हात फिरवायची.

पुढच्या वैशाखात शाकारणीची घाई सुरू झाली आणि मला काही काम नव्हतं. बाप्ये खोताच्या वाड्यावर वेठीला गेले होते. शेजारणीची कौलं अंगणात उतरलेली, आणि सड्याच्या माळावर आभाळ काळं होत चाललेलं. ती दारात उभी राहून वाड्याच्या वाटेकडे बघत होती. माझं घर तर कोरडं राहणार होतं. ज्यासाठी एवढं केलं ते हेच होतं. पण मला घरात बसवेना. मी पदर खोचला, तिच्या भिंतीला शिडी लावली आणि वर चढले. म्हटलं, "दे गो कौल." मागोमाग बाकीच्या आल्या. त्या वर्षापासून वाडीत खोताच्या छपरासाठी कुणाचं घर उघडं राहिलं नाही.

सासूबाई आमच्या स्लॅबवर कोकमं वाळत घालत होत्या. मला वाशांवर बघून त्यांनी तिथूनच हाक मारली, "पाय जपून ठेव गो! ता सिमिट नाय, कौल हाय."