बांचं विरजण बंद

आमच्या विंगमध्ये ज्या घरांत दही लावतात, त्यांतल्या बहुतेक घरांचं विरजण मूळचं आमचं आहे. परळहून मीरा रोडला, पूनम सागरमध्ये राहायला आलो तेव्हा टेम्पोत पुढच्या सीटवर बायको बसली होती आणि तिच्या मांडीवर घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा होता. नव्या घरातलं पहिलं दही त्या डब्यातल्या विरजणाचं. मग समोरची बाई वाटी घेऊन आली, तिच्याकडून वरच्या मजल्यावर गेलं, आणि असं करत करत विंगभर झालं.

दूध कोमट म्हणजे नक्की किती, यावरून आमच्यात वाद असायचा. ती करंगळी बुडवून ठरवते. मी काशीमीरा नाक्याजवळच्या एका गोदामात मालाचा साठा तपासतो, त्यामुळे करंगळी हे माप मला पटत नाही. मी स्वयंपाकघरात वापरायचा थर्मामीटर आणला. तिने करंगळी बुडवून "झालं" म्हटलं की मी मोजायचो. चाळीसच्या जरा वर. पुन्हा मोजलं, पुन्हा तेवढंच. थर्मामीटर आता ड्रॉवरमध्ये पडून असतो.

गेल्या वर्षी पाऊस संपता संपता सर्दी-तापाची साथ आली. आमचे सेक्रेटरी उत्साही गृहस्थ. त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, की दह्यातले चांगले जंतू व्हायरसला घशाशीच अडवतात, आपल्या विंगचं दही म्हणजे घरची लस आहे, वहिनींचे आभार. खाली टाळ्यांचे हात आले, फुलं आली. पहिली शिंक आली की दह्याचं भांडं फ्रिजमध्ये मागे ढकलणारी हीच घरं, आता नाक वाहत असताना वाटी घेऊन दारात उभी राहू लागली. बायकोला हसू यायचं.

मग एका संध्याकाळी तळमजल्यावरच्या बांची सून वर आली. बा म्हणजे सत्तरी ओलांडलेल्या गुजराती आजी. त्यांना जुना दमा आहे. आदल्या थंडीत साधी सर्दी छातीत उतरली आणि त्यांना हॉस्पिटलात ऑक्सिजनवर ठेवावं लागलं होतं. थंडीआधी फ्लूची लस घ्यायचीच, असं डॉक्टरांनी तेव्हा बजावलं होतं.

"भाभी, मम्मी नाही म्हणतायत," सून म्हणाली. "म्हणतात, वरची बेन दही देते ना, आता सुई कशाला. तुमचंच नाव सांगतात."

ती गेल्यावर बायको माझ्याकडे वळली. "अहो, तुम्ही वाचत असता. खरं काय आहे?"

मी जेवढं वाचलं होतं तेवढंच सांगितलं. काही ठरावीक जातींचे जंतू ठरावीक प्रमाणात रोज दिले तर सर्दी-पडसं थोडं कमी होतं, असं काही अभ्यासांत दिसलंय. पण फायदा फार मोठा नाही, आणि सगळ्या अभ्यासांत सारखाही नाही. लसीची जागा मात्र ते घेत नाहीत.

"आणि आपल्या भांड्यातले?"

"आपल्या भांड्यात कुठले आहेत आणि किती आहेत, हे कुणी मोजलेलंच नाही."

मला वाटलं, ती ग्रुपवर काहीतरी लिहील. तिने लिहिलंही, एकच ओळ: "आमचं दही जेवणाचं आहे, लस डॉक्टरकडे मिळते." मग चपला घालून खाली गेली. मी मागोमाग गेलो.

"बा, सुई घेईपर्यंत तुमचं विरजण बंद," बायको म्हणाली.

बा झोपाळ्यावर होत्या. त्यांनी झोपाळा थांबवला. "काय बोलते? दही बंद?"

"बंद."

"मग छाछ नाही, कढी नाही. उद्या पाणी पण बंद करशील!"

"पाणी महापालिकेचं आहे. ते मला बंद करता येत नाही."

"नको देऊ," बा म्हणाल्या. "बिल्डिंग में तेरे अकेली के घर दही है क्या?"

खरी अडचण तीच होती. विरजण तर विंगभर पसरलेलं. बायको तिथूनच लिफ्टने सगळ्यात वरच्या मजल्यावर गेली आणि एकेक बेल वाजवत खाली आली. काय सांगितलं ते मला ठाऊक नाही, पण दुसऱ्या दिवशी बा वाटी घेऊन निघाल्या तेव्हा चौथ्या मजल्यावरची बाई म्हणाली, "देते ना बा, आधी दंड दाखवा." दुसऱ्या मजल्यावर म्हणे दार उघडण्याआधीच आतून आवाज आला, "इंजेक्शन झालं का?" सेक्रेटरींकडेही त्या गेल्या. त्यांच्या बायकोने त्यांना मध्ये बोलूच दिलं नाही.

आमच्या विंगचं पार्किंगवरून एकमत होत नाही, टाकी कधी धुवायची यावरून होत नाही. लिफ्टच्या रंगावरून मीटिंग मोडली होती. ती विंग एका वाटीभर विरजणासाठी एकजूट राहिली. आमच्या बिल्डिंगबद्दल असं काही लिहायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं.

बांनी पिशवीतलं दही आणून लावून पाहिलं. ते लागलं चांगलंच, पण सुनेच्या सांगण्याप्रमाणे कढीचा पहिला घोट घेऊन त्या म्हणाल्या, "इसमें किसी का हाथ नहीं है," आणि ताट सरकवलं.

त्यानंतरच्या रविवारी आमची बेल वाजली. दारात बा होत्या. एका हातात वाटी, दुसऱ्या हाताची बाही खांद्यापर्यंत वर चढवलेली, दंडावर कापूस आणि चिकटपट्टी.

"ले, देख ले. तुझ्या नवऱ्याला पण दाखव, मोजून घेईल."

मी खरंच वाकून पाहिलं. दोघी हसल्या.

वाटी रिकामी नव्हती, त्यात गूळ-कणकेच्या सुखडीच्या वड्या होत्या. बायकोने त्या काढून घेतल्या, वाटी धुतली, पुसली आणि तिच्यात दोन चमचे विरजण घातलं. बा म्हणाल्या, "आणि आजारी पडले ना, तर तुझंच नाव सांगेन."

"सांगा. पण हॉस्पिटलात नाही, इथे येऊन सांगा."

त्या थंडीत बांना सर्दी झालीच. काही दिवस खोकल्या, वाफ घेतली, पंप वापरला, आणि बऱ्या झाल्या. हॉस्पिटलात जावं लागलं नाही. हे लसीमुळे झालं की त्यांना नशिबाने हलकी सर्दी झाली, हे एका माणसाच्या एका थंडीवरून सांगता येत नाही आणि मी ते सांगणारही नाही. पण सर्दी उतरली त्या दिवशी त्या जिना चढून वर आल्या. लिफ्ट बंद होती. आमच्या दारात कठड्याला धरून दम घेतला आणि माझ्या बायकोचं नाव विंगभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने घेतलं.

नंतर म्हणाल्या, "आजारी पडले होते. सांगायला आले."