तारीख नसलेली दोन चित्रं

१. आज सकाळी ग्रामपंचायतीत आपल्या गावच्या जंगलाबद्दल बैठक झाली.
२. पडद्यावर उपग्रहाने टिपलेली दोन चित्रं दाखवली. पहिल्यात जंगल हिरवं होतं, दुसऱ्यात तपकिरी.
३. चराईमुळे जंगल खराब झालं, असं सांगून मेंढरांना बंदी घालायचा ठराव मांडला. तो शनिवारी ग्रामसभेत मंजुरीला येणार आहे.

मी उपग्रहचित्रांवरच काम करते, म्हणून ही कोणत्या महिन्यांतली आहेत ते विचारलं.

"दोन्ही एकाच वर्षातली आहेत, मॅडम," चित्रं दाखवणारे म्हणाले.

मी वर्ष विचारलं नव्हतं.

तेवढ्यात मागून हौसामावशी उठल्या. त्यांची मेंढरं याच रानावर जगतात. "आवं सायेब, त्या चित्रात तळं भरलंय, ह्यात आटलंय. तळं बी आमच्या मेंढरांनीच पिलं व्हय?"

सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण ते तळं माझ्या नजरेतून सुटलं होतं. आपल्या माण तालुक्यातलं तळं पावसाळ्यानंतर भरलेलं असतं आणि उन्हाळ्यात आटतं. आपली झाडंही उन्हाळ्यात पानं गाळतात. अशी दोन चित्रं शेजारी ठेवली, तर एकही मेंढरू न चरता जंगल आजारी दिसेल.

ही चूक असू शकते. पण अशा चित्रांच्या खालच्या पट्टीत तारीख असते, आणि दोन्ही चित्रांची नेमकी तीच पट्टी कापलेली होती.

चित्रं तयार करणारे या ग्रुपवर आहेत. दोन्हींच्या तारखा शुक्रवार संध्याकाळपर्यंत इथे लिहाव्यात, ही विनंती.