कापसाच्या खोलीतलं राहिलेलं गाणं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माहेरीही नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून सांगतेय — ओळखत असतात तर सांगितलं असतं का? नसतंच.

माझी धाकटी नणंद पल्लवी रॅप करते. तिचा पहिला अल्बम आलाय. कुठल्या कंपनीचा नाही, तिचा तिनंच काढलाय. परभणीतली कॉलेजची पोरं तो मोबाईलवर वाजवतात. सगळा आमच्याच घरात रेकॉर्ड झाला — मानवतजवळच्या खेड्यात, कापसाच्या खोलीत. भाव वाढेल म्हणून आमच्याकडे वेचलेला कापूस घरातच भरून ठेवतात, पार पत्र्याला टेकेपर्यंत. त्या खोलीत आवाज घुमत नाही, हा शोध पल्लवीचा. बसण्यापुरती जागा करायची, मैत्रिणीचा माईक घ्यायचा आणि आत कोंडून घ्यायचं. बाहेर आली की केसांत कापूस आणि अंगभर खाज. मी हसायचे. चहा मीच नेऊन द्यायचे, गल्लीतल्या पोरांना दाराशी फिरकू द्यायचे नाही. इथपर्यंत मी चांगलीच होते, बरं का.

मग एका दुपारी कप हातात घेऊन दाराशी थांबले. आत ती नवं गाणं घोकत होती —

"वैनी माझी डीएड पास, तिची शाळा चुलीपाशी,
काळ्या तव्याचा फळा, हजेरी घेती भाकरीची."

खोटं होतं का? एक अक्षर खोटं नव्हतं. लग्नात 'नोकरीचं बघू' म्हणाले होते, ते बघणं राहूनच गेलं. मीही अंगवळणी पाडून घेतलं. मी शिकलेली आहे हे आता गावात कुणाच्या ध्यानातही नाही. आणि ते लोकांनी ताल धरून ऐकायचं? माना डोलवत माझी कीव करायची? मला राग आला. त्याहून जास्त लाज वाटली.

चहा उंबऱ्यावर ठेवला आणि सासऱ्यांकडे गेले. म्हटलं, "मामा, कापसानं लेकराच्या अंगावर पुरळ उठलंय. आता इकून टाका."

लेकराच्या अंगावर काहीच नव्हतं. मामांनी बघितलंही नाही. नातवाचं नाव काढलं की ते पुढचं विचारत नाहीत. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला आणि खोली रिकामी झाली.

पल्लवीनं गोधड्या टांगून बघितल्या. पत्र्याखाली आवाज डब्यात बोलल्यासारखा यायचा. तेवढ्यात मैत्रिणीनं माईक परत मागितला. "जाऊ द्या वैनी," ती म्हणाली, "एकच ऱ्हायलं. पर तेच लय जीवातलं होतं. तुमाला आधी ऐकवणार होते." मी म्हटलं, बघू पुढल्या साली. किती सहज म्हटलं.

अल्बम त्या गाण्याशिवाय आला. आभारात पहिलं नाव माझं आहे. वैनीनं खोली सांभाळली, असं लिहिलंय तिनं. मी ते वाचलं आणि भाकरी थापायला बसले.

यंदा पेरणीच्या आधी नवऱ्यानं विचारलं, काय लावावं? मी सोयाबीन म्हटलं. सगळं रान सोयाबीनच.

पल्लवी आता शिकायला परभणीला असते. परवा तिचा फोन आला. "वैनी, औंदा कापूस कवा भरणार हाय? तुमचं गाणं करायचंय मला."

"औंदा कापूसच न्हाई, ताई," मी म्हटलं.