फादरांचे पाय धरायला नेरूळला

आबांच्या मार्केटमधल्या जुन्या सोबत्याचा फोन आला आणि आमचा नवी मुंबईचा प्रवास ठरला. एकेकाळी नेरूळच्या चर्चमध्ये असलेले फादर पुढे बिशप झाले होते आणि आता निवृत्त होणार होते. त्याआधी पवित्र गुरुवारच्या प्रार्थनेला ते आपल्या जुन्या चर्चमध्ये यायचे होते. "एकदा त्येंचं पाय धरायचं हायती," आबा म्हणाले आणि लगेच पिशवी भरायला लागले.

कारण सांगते. माझे वडील, आबा, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. मी पाळण्यात असताना भरलेल्या हातगाडीचं चाक त्यांच्या उजव्या पायावरून गेलं. करंगळी गेली, जखम चिघळली, पाय कापायची भाषा सुरू झाली. हमालाचा पाय गेला की घरच बसतं. तेव्हा चर्चच्या दवाखान्यात हे तरुण फादर रोज स्वतः पाय धुऊन पट्टी करायचे. पाय वाचला. आबा पेढे घेऊन गेले, तोवर फादरांची बदली झालेली. आभार मानायचे राहिले ते राहिलेच.

साताऱ्याहून जाणार असाल तर सकाळची एसटी धरा आणि डावीकडची खिडकी पकडा, ऊन लागत नाही. आबा पंचाहत्तरीच्या पुढचे म्हणून फुकट, मी बाई म्हणून अर्ध्या तिकिटात. मांडीवर कंदी पेढ्यांचा खोका. पनवेलनंतर आबांना काहीच ओळखेना. उलव्याच्या बाजूला नव्या विमानतळावर विमान उतरताना दिसलं तेव्हा म्हणाले, "हितं नुसता चिखल हुता गं!"

जेवायला सारसोळे गावात गेलो. घरगुती खाणावळ, समोर जाळी वाळत टाकलेली. आबांनी मासे नको म्हटलं, देवाच्या दारात जायचं होतं ना!

"बाबा, त्यांचा देव मासलीला नाय म्हनत न्हाय," वाढणाऱ्या मावशी हसल्या.

आबा वरणभातावर अडून बसले. मी मात्र बोंबील सोडले नाहीत. तुम्हीही सोडू नका.

चर्चला संध्याकाळी पोचलो. मी प्यायचं पाणी शोधायला गेले आणि परत येते तर आबा थेट वेदीसमोर, खुर्चीवर! झालं होतं असं, की येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून या दिवशी बिशप बारा जणांचे पाय धुतात. ते बारा जण पुढे अनवाणी बसले होते. आबांनी देवळात काढतो तशा चपला दाराबाहेर काढलेल्या. अनवाणी म्हातारा दिसल्यावर तिथल्या ताईंनी आणखी एक खुर्ची आणून त्यांनाही त्या रांगेत बसवलं. आबांना वाटलं, गावच्या कार्यक्रमासारखा वडीलधाऱ्यांचा मान असेल.

मी खुणा करून दमले. तोवर बिशप घंगाळ आणि टॉवेल घेऊन एकेकाचे पाय धूत आबांपाशी आले. पांढरे केस, गुडघे टेकताना होणारा त्रास स्पष्ट दिसत होता. आबांनी दोन्ही पाय खुर्चीखाली ओढले. "नगं फादर, पाप लागंल मला. म्या तुमचं पाय धराय आलोय!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बिशपांनी शांतपणे हात पुढे केला. आबांचा उजवा पाय हातात आला, बिशपांच्या हाताचा अंगठा करंगळीच्या रिकाम्या जागेवर थांबला. त्यांनी वर पाहिलं.

"कांदा-बटाटा मार्केट," ते म्हणाले. "हा पाय मी ओळखतो. चालतो ना नीट?"

आबांनी मान हलवली. बिशपांनी पाय धुतला, पुसला, आणि मी भर चर्चमध्ये रडले. नंतर अंगणात त्यांनी पेढा खाल्ला, आणखी एक मागून घेतला. आबा वाकायला गेले, तर त्यांनी खांदे धरून उभं केलं.

दुसऱ्या दिवशी घरी आलो. असा माणूस आमच्या वाट्याला आला, याचं मला अजून नवल वाटतं. ओट्यावर आईने विचारलं, "मग, धरलं का पाय?"

आबा उजव्या पायावरची धूळ पुसत होते. "न्हाई," ते म्हणाले. "त्येंनीच माजं धरलं. पयल्यासारखंच."